इनासकाकांची लाइन

टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून, नंबर न फिरवता नुसतं ऐकत बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहिल्या दिवशी मला वाटलं, फोन लागत नसेल. पाच मिनिटं झाली तरी हे गृहस्थ डोळे मिटून बसलेलेच. शेवटी रिसीव्हर खाली ठेवून म्हणाले, "पानी भरला हा. हयसर नाय, लांब. एक्स्चेंजच्या अल्याड खंयतरी."

हे इनास लोबो. आमच्या इस्पितळात सगळे त्यांना इनासकाका म्हणत.

मालवणात देवबागच्या रस्त्याला माडांच्या बागेत आमचं बारा खाटांचं इस्पितळ होतं. मी तिथं लॅब टेक्निशियन. रक्ताची साधी तपासणी मी करत असे, पण स्लाइडमध्ये काही वेगळं दिसलं की ते सांगणारा तज्ज्ञ डॉक्टर आमच्याकडे नव्हता. तो कोल्हापूरला. स्लाइड कापसात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि उत्तराची तीन-चार दिवस वाट बघायची. तेवढ्यात कधी पेशंट बरा व्हायचा, कधी दुसरं काही व्हायचं. मग ट्रस्टींनी ठरवलं की आमच्या सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवायचा, तो कॉम्प्युटरला जोडायचा, आणि टेलिफोनच्या तारेवरून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिथल्या कॉम्प्युटरवरून आमचा कॉम्प्युटर उघडायचा. म्हणजे आमच्या पडद्यावर जे दिसतं ते त्यांना तिथं दिसणार, आणि ते तिथं जे टाइप करतील ते इथं आमच्या पडद्यावर उमटणार. कोल्हापूरहून एक इंजिनियर आला, दोन दिवसांत सगळं जोडून गेला. त्यानंतर दोन महिने ते चाललं नाही. लाइन लागायची आणि मिनिटाभरात तुटायची.

इनासकाकांनी ते चालवलं. ऐकून झाल्यावर ते लाइनमनला घेऊन खांबामागून खांब बघत निघाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तेव्हा दोन्ही हात मुंगळे चावून सुजलेले होते. एका माडाच्या बुंध्याशी तारांच्या जोडाचा डबा होता, त्यात पाणी आणि मुंगळ्यांचं वारूळ, दोन्ही. दुसऱ्या दिवशी मोडेम किंचाळला, थांबला, आणि आमच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. इस्पितळातली आया, भागीरथी, दारातूनच ओरडली, "गो शैले, ह्या कोण हलयता?"

"कोल्हापूर," इनासकाका म्हणाले.

भागीरथीनं दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर जास्वंदीचं फूल ठेवलं. इनासकाका रोज सकाळी क्रूस करून कामाला बसणारे. त्यांनी ते फूल हलवलं नाही. फक्त कॅमेऱ्याच्या तारेपासून जरा बाजूला सरकवलं.

ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून मोर्सची कट्ट-कडकट्ट ऐकली. मग उपग्रह आले, मोर्स बंद झालं आणि जहाजांवर ते पदच उरलं नाही. पन्नाशीत घरी आले, आणि आमची लाइन चालेना तेव्हा ट्रस्टींनी त्यांना बोलावून घेतलं. चिवल्याच्या किनाऱ्याकडे त्यांचं घर, घरात त्यांची बायको कातरीन आणि शिवणाचं मशीन. मुलगा मेल्विन मस्कतला.

जहाजावरून त्यांनी एक घड्याळ आणलं होतं. तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पट्टे. त्या तीन-तीन मिनिटांत समुद्रावरच्या सगळ्या रेडिओंनी गप्प राहायचं, कुणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. ते घड्याळ त्यांनी लॅबच्या भिंतीवर टांगलं आणि सवय काही सुटली नाही. काटा लाल पट्ट्यावर आला की बोलता बोलता थांबायचे. समोर कुणीही असो. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष फोनच्या बिलावरून त्यांना तावातावानं विचारत होते, तेवढ्यात सव्वाअकरा वाजले. इनासकाका घड्याळाकडे बघत राहिले. अध्यक्षांना वाटलं, हा आपल्याला मोजत नाही. तीन मिनिटांनी काका शांतपणे म्हणाले, "हां, सांगा." तोवर अध्यक्षांचा राग निवला होता.

त्यांचा खरा हट्ट वहीचा. लाइन केव्हा लागली, केव्हा तुटली, कुठल्या नंबरची स्लाइड, डॉक्टरांनी काय लिहिलं, सगळं वहीत. पेशंटचं नाव मात्र नाही. "लायनीवर नाव नाय घेवचा. नंबर." टेलिफोनची तार एकच, त्यामुळे कॉम्प्युटर जोडलेला असताना बोलता यायचं नाही. डॉक्टरांशी जे बोलायचं ते पडद्याच्या कोपऱ्यात टाइप करून, इंग्रजी अक्षरांत मराठी. सहा वर्षं रोज बोलून त्या दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

वहीच्या बाबतीत मी एकदा त्यांचा मार खायची तेवढी राहिले. मसुऱ्याचा एक गडी तापानं फणफणलेला, त्याची स्लाइड दाखवत होतो. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. मलेरियाचे जंतू, आणि पुढे "नॉट" इथवर अक्षरं आली आणि लाइन तुटली. इनासकाका तार तपासायला बाहेर गेले. मी वहीत "नॉट सीन", म्हणजे दिसले नाहीत, असं लिहून मोकळी झाले. परत येऊन त्यांनी ते वाचलं.

"सीन खंय इला?"

"काका, तेच असणार. नॉट म्हटल्यावर..."

"तुका दिसला?"

"नाही."

"मगे कित्या लिवलंस?" त्यांचा आवाज चढला नाही, पण मानेची शीर ताठ झाली. "ऐकला ता लिवायचा. समाजला ता नाय."

मी तो शब्द खोडला. पाऊण तासानं लाइन लागली आणि डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं: नॉट रूल्ड आउट. नाहीत असं सांगता येत नाही, दुसरी स्लाइड दाखवा. दुसऱ्या स्लाइडमध्ये जंतू होते, वाईट जातीचे. तो गडी वाचला. मी त्या दिवशी जेवले नाही.

दुपारी त्यांनीच मला समजावल्यासारखं सांगितलं. बंगालच्या उपसागरात असताना त्यांनी एका जहाजाची बुडतानाची हाक ऐकली होती. त्यांचं जहाज दोनशे मैलांवर. कप्तानानं जहाज वळवलं, पण पोचायला अर्धा दिवस लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. चाळीस मिनिटं तो पलीकडचा माणूस पाठवत राहिला आणि हे लिहीत राहिले. शेवटचा शब्द अर्धाच आला. नंतर चौकशीत साहेबांनी विचारलं, की त्याला काय म्हणायचं असेल?

"मगे तुम्ही काय सांगितलंत?"

"काय नाय. तो शब्द माका म्हायत आसा, शैले. पन त्येना तो पाठवलो नाय." एवढं बोलून ते उठले आणि मोडेमवरची धूळ पुसायला लागले.

त्या वर्षी पाऊस लांबला. गणपती होऊन गेले तरी ओसरेना. रस्त्याकडेच्या चरातली केबल पाण्यात गेली आणि आमची लाइन बंद पडली. बावीस दिवस. इनासकाका रोज सकाळी एक्स्चेंजमध्ये जाऊन बसायचे, दुपारी लाइनमनबरोबर चिखलात. आम्ही पुन्हा कंडक्टरच्या हातात स्लाइड द्यायला लागलो.

त्याच दिवसांत कातरीनकाकू एकदा लॅबमध्ये आल्या. नवऱ्याचा डबा विसरला म्हणून. काकू बोलायला फटकळ, चालायला तुरतुरीत. त्या दिवशी मात्र दारातल्या बाकावर बसल्या आणि उठेनात. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"सुई गेली गो. रगात थांबणा नाय. तीन दिस झाले."

मी चिंधी सोडून बघितली. दंडावर निळे डागही होते, कुठं आपटलं ते आठवत नव्हतं. मी म्हटलं, आत्ताच रक्त काढते.

"नको. ह्येंची लायन होवंदे आदी. चिखलातसून येतत तेवा त्येंचे डोळे बगलंस? आणि एक काळजी कित्या?" मग हसून म्हणाल्या, "लायन झाली की पयलो नंबर माजो लाव."

मी काकांना सांगायला हवं होतं. मी संध्याकाळी सांगितलंही, पण बोटाचं तेवढं. डागांचं बोलले नाही. काका चिखलाचे पाय धुत होते. म्हणाले, "तिका सांग, पेज खा, निज." आमच्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी काकूंना लोहाच्या गोळ्या दिल्या. दिवस गेले.

लाइन आली त्याच सकाळी मी काकूंचं रक्त घेतलं. वहीत नंबर काकांनी स्वतः घातला. स्लाइड रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मला तज्ज्ञाइतकं कळत नव्हतं, पण तिथं ज्या पेशी दिसायला नकोत त्या दिसत होत्या, आणि पुष्कळ.

"काका, आज लाइनवर मी बसते," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "तुका लायन धरूक जमाची नाय. आज खरखर आसा."

खरखर अजिबात नव्हती. मोडेम पहिल्या हाकेला लागला. स्लाइडचं चित्र तिकडं जायला वेळ लागे, वरून खाली एकेक पट्टा. ते पुरं झालं. मग डॉक्टरांचा बाण त्या चित्रावरून फिरायला लागला. एका पेशीवर थांबला. दुसरीवर. तिसरीवर. खूप वेळ फिरत राहिला. मग रिपोर्टच्या चौकटीत अक्षरं यायला लागली, नेहमीसारखी एकेक. डॉक्टर दोन बोटांनी टाइप करत, त्यामुळे प्रत्येक शब्द पुरा व्हायच्या आधीच कळायचा. ल्युकेमिया हा शब्द पुरा व्हायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. काका पडद्याकडे सरळ बघत होते आणि त्यांच्या हातातली पेन्सिल वहीवर चालली होती.

मग कोपऱ्यात डॉक्टरांनी लिहिलं: नातेवाइकांना बोलावून घ्या. आजच्या आज मोठ्या इस्पितळात हलवायला सांगा. नीट समजावून सांगा, घाबरवू नका.

इनासकाकांनी पेन्सिल ठेवली. कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: नातेवाईक इथेच बसलेले आहेत.

पलीकडचा बाण थांबला. डॉक्टरांनी विचारलं: कोण?

काकांनी लिहिलं: मी. पत्नी.

लाइन चालू होती, मोडेमचे दिवे लुकलुकत होते. तिकडं डॉक्टर बसलेले, इकडं काका. मग काकांनीच लिहिलं: दुसरी स्लाइड तयार आहे, नंबर बावन्न. दाखवू? मी म्हटलं, "काका, उठा तुम्ही." ते म्हणाले, "बावन्न नंबरचो मानूस बाहेर बसलो हा."

नंबर बावन्न झाल्यावर ते घरी गेले. नंतर कातरीनकाकूंनीच मला सांगितलं. काका दारात आले, चपला काढेनात. काकूंनी मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय म्हणता कोल्हापूर?" आणि त्यांनी जसं आलं होतं तसं सगळं सांगितलं. वहीतल्यासारखं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. काकू म्हणाल्या, "जरा खोटा बोलूक शिकले नाय, बग. सव्वीस वर्सां समुद्रार काय केला कोण जाणा."

गोव्याला नेलं. औषधं झाली, केस गेले, तोंड फोडांनी भरलं. मेल्विन आला, पंधरा दिवस राहिला, रजा संपली, रडत गेला. नाताळच्या आधी काकूंनी हट्ट धरला, घरी न्या. घरी आल्यावर त्या खिडकीशी खाटेवर असत. मी रोज जाता-येता डोकावे. काका सकाळी त्यांचं सगळं करत, शेजारणीला बसवत आणि तीन तास इस्पितळात येऊन लाइन धरत. मी म्हटलं, मी सांभाळेन, तुम्ही येऊ नका. काकूच खाटेवरून म्हणाल्या, "जावंदे गो तेका. हय बसान माका बगत रवता. माका ता सोसणा नाय."

जानेवारीतल्या एका सकाळी साडेदहाला शेजारीण इस्पितळाच्या फाटकातून पळत येताना मला दिसली. लाइन लागलेली होती, एका बाळंतिणीची स्लाइड अर्धी गेली होती. शेजारणीनं काही सांगायच्या आधीच काकांनी तिच्याकडे बघितलं. मग कीबोर्डवर दोन शब्द लिहिले, "शैला बघेल", आणि उठले. ते पोचले तेव्हा काकूंना जाऊन अर्धा तास झाला होता.

नवव्या दिवशी ते कामावर आले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, बाहीवर काळी पट्टी. लाइन लागली. डॉक्टरांनी आधी दुःख कळवलं. काकांनी आभार मानले. मी स्लाइडचा ट्रे घेऊन मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. काकांनी लिहिलं: एक विचारतो. लाइन बावीस दिवस बंद होती. त्या दिवसांत रक्त बघितलं असतं तर?

डॉक्टर तिकडे जे काही टाइप करत ते जसंच्या तसं आमच्या पडद्यावर दिसे, हे ते त्या क्षणी विसरले असावेत. कोपऱ्यात अक्षरं आली: कदाचित. मग शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर पुसत गेलं, आणि कोपरा पुन्हा कोरा झाला. मग आलं: सांगता येत... तेही पुसलं गेलं. आणि मग एका दमात: नाही. फरक पडला नसता. मनाला लावून घेऊ नका.

काकांनी लिहिलं: बरं. आणि पहिली स्लाइड लावली.

संध्याकाळी ते गेल्यावर मी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर, त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरांत, वेळेसकट: कदाचित (पुसले). सांगता येत (पुसले). नाही, फरक पडला नसता.

तो कागद फाडावा असं मला फार वाटलं. आणि दंडावरच्या डागांचं मी त्यांना त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर, हे मी कुणाला विचारायचं? माझ्यासाठी कुणी काही पुसलं नाही. मी काकांना ते कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

दोनेक वर्षांनी मे महिन्यात डॉक्टर मुलाबाळांना घेऊन किल्ला बघायला मालवणला आले आणि मुद्दाम इस्पितळात आले. बुटके, गोरेपान, घामेजलेले गृहस्थ. काका उठून उभे राहिले. हात मिळवला.

"माका तुमी उंच वाटलेले," काका म्हणाले.

डॉक्टर हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात म्हणाले, "लोबोसाहेब, त्या दिवशी मी तुम्हाला जे लिहिलं..."

"लायन चांगली होती त्या दिसा," इनासकाका म्हणाले. "सगळा दिसला." आणि भागीरथीला हाक मारून त्यांनी डॉक्टरांच्या मुलांसाठी शहाळी काढायला सांगितली. पुढे तो विषय निघाला नाही. डॉक्टर जाताना काकांचा हात बराच वेळ धरून होते. काकांनी धरू दिला.

पुढे शहरात मोठी लॅब आली. त्यांचा माणूस मोटारसायकलवरून येऊन सकाळ-संध्याकाळ नमुने न्यायचा. ट्रस्टनं आमची लॅब बंद केली. मी कणकवलीला नोकरी धरली. काकांनी मोडेम, तारा, कॅमेरा सगळं पुसून, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवून खोक्यात भरून दिलं. त्यानंतर ते घरीच.

मी त्यांना शेवटचं भेटले ते त्यानंतर दोन वर्षांनी. मिठबावला माझं सासर, तिकडून परत येताना वाट वाकडी करून गेले. हाताला कंप आला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू. कंपाचं दुखणं नवं होतं, ते म्हणे हळूहळू वाढतं. जेवण करून ठेवायला एक बाई यायची. शिवणाच्या मशीनच्या जागी मेल्विननं कॉम्प्युटर बसवून दिला होता, ब्रॉडबँड घेतला होता. मस्कतहून तो वडिलांचा कॉम्प्युटर उघडायचा, औषधांच्या वेळा लिहून ठेवायचा, अक्षरं मोठी करून द्यायचा. रोज दुपारी तीनला तिथल्या कामातून वेळ काढून तो पडद्यावर यायचा, पप्पा आहेत ना ते विचारायला.

मी गेले तेव्हा तीन वाजत आले होते. काकांनी माझ्यासाठी चहा ओतला, निम्मा बशीत सांडला. मुलांचं विचारलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं आणि जाऊन पडद्यासमोर बसले. मी चहा संपवत होते.

पडद्यावर भली मोठी अक्षरं आली: पप्पा, आसस?

काकांनी उजवा हात उचलला. तो इतका थरथरत होता की बोट नेमक्या अक्षरावर टेकेना. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पहिलं अक्षर पडलं. मग दुसरं शोधायला लागले. डोळा पडद्याजवळ, मग कीबोर्डजवळ.

पुन्हा अक्षरं आली: पप्पा?

मला राहवलं नाही. मी कप ठेवून पुढे झाले, "काका, मी लिहू? आसंय, एवढंच ना?"

त्यांनी कोपरानं माझा हात बाजूला केला. जोरात नाही. "रव. मी लिवतंय."

माझी गाडी चुकत होती. "येते काका," म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. पायरीवर चपला घालताना खिडकीतून आत बघितलं. इस्त्रीच्या शर्टातली पाठ, मनगट धरलेला हात, आणि कीबोर्डवर अधांतरी एक बोट, अक्षर शोधणारं. पडद्यावर तिसऱ्यांदा आलं होतं: पप्पा?